ताईच्या रवीची बैठक

माझ्या दाजींनी चाळीस वर्षांत माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. मी जे बनवते त्याची चेष्टा मात्र न चुकता केली. त्यामुळे त्या शुक्रवारी सकाळी त्यांचा छोटा पांढरा टेम्पो माझ्या अंगणात येऊन थांबला, तेव्हा मला आधी वाटलं, नक्की कुणीतरी गेलं आणि हे निरोप घेऊन आले.

मी मिसाओ. शिगाराकीच्या डोंगरात माझी भट्टी आहे. वाडगे करते, बरण्या करते, पण माझं घर चालतं ते रवीच्या बैठकांवर. हिरवा चहा घुसळायची बांबूची रवी वापरून झाली की कोमट पाण्यात हलवायची आणि ओली असतानाच मातीच्या बैठकीवर उलटी बसवायची. मग तिच्या बारीक बारीक काड्या बैठकीच्या गोलाईवर वाळतात आणि आकार धरून राहतात. मूठभर मातीची वस्तू आहे, पण एक रवी तिच्यावर दुप्पट जगते. आणि नेमकं हेच दाजींना खुपतं. कारण तोकुजिरोदाजी ताकायामाला राहतात, टेम्पोने तासाभराच्या वाटेवर, आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्या रव्या कोरतात. माझ्या बैठकीला ते कुबडी म्हणतात.

"रवी झिजली की जाळायची आणि नवी घ्यायची," हे त्यांचं दर नवीन वर्षाला जेवणाच्या पाटावरचं भाषण. "तू लोकांना म्हाताऱ्या रव्या पोसायला शिकवतेस. मेहुणी आहेस की वैरीण?"

तर असे हे दाजी टेम्पोतून उतरले. हातात एक लाकडी पेटी होती. अंगणात वाळत घातलेल्या बरण्यांकडे बघत राहिले, माझ्याकडे नाही.

"चहाबिहा काही नको," ते म्हणाले.

"मी विचारला कुठे?"

"एक बैठक हवी होती."

माझ्या हातातला मातीचा गोळा पडता पडता वाचला. मी डोक्याचा रुमाल सोडला, परत बांधला. हा क्षण मला लवकर संपवायचा नव्हता.

"काय म्हणालात? जरा मोठ्याने बोला. चाकाच्या आवाजात ऐकू नाही आलं."

"चाक बंद आहे, मिसाओ."

ते खरंच बंद होतं. मी हसले, पण दाजी हसले नाहीत. त्यांनी पेटी ओट्यावर ठेवली आणि झाकण काढलं. आत एक रवी होती आणि तिची अवस्था बघवत नव्हती. सगळ्या काड्या एका अंगाला झुकलेल्या, आतलं कडं मिटून गेलेलं, मधल्या चार-पाच एकमेकींना चिकटलेल्या. शेजारी लाल दोऱ्याचं एक रीळ पडलं होतं.

"अरे देवा! कुठल्या गाढवाने हिची ही दशा केली?"

"मी," दाजी म्हणाले.

मग माझं लक्ष काड्यांच्या मुळाशी विणलेल्या दोऱ्याकडे गेलं. रवीला काळा दोरा असतो. हा लाल होता. हा दोरा मी ओळखत होते. माझ्या भाचीच्या, चिनात्सुच्या, सातव्या वर्षीच्या सणाच्या किमोनोवर माझ्या बहिणीने याच दोऱ्याने फुलं काढली होती. माझं हसू तिथल्या तिथे विरलं.

ताकायामात सुरी पुरुषांच्या हातात आणि दोरा बायकांच्या. पुरुष बांबू चिरतो, काड्या तासतो, त्यांना बाक देतो, आणि बायको समोर बसून दोऱ्याने काड्यांची आतलं आणि बाहेरचं अशी दोन कडी वेगळी करते. माझ्या फुमिएताईने दाजींच्या समोर बसून चाळीस वर्षं दोरा घातला. सुरीला हात लावायचा तिला हक्क नव्हता आणि तिने कधी मागितलाही नाही, निदान आमच्या कुणाच्या कानावर तरी आलं नाही. तीन वर्षांपूर्वी ती गेली. तिची शिवणाची पेटी आवरताना चिंध्यांच्या तळाशी दाजींना ही रवी सापडली. चिरण्यापासून गाठीपर्यंत सगळी तिने एकटीने केलेली. कधी केली कुणास ठाऊक. ज्या हिवाळ्यात दाजींचं मनगट मोडून दोन महिने प्लास्टरमध्ये होतं, तेव्हाच केली असणार. दाजींनी टाकून दिलेला जाड बांबू उचलला होता तिने, म्हणून ही रवी त्यांच्या घरच्या कुठल्याही रवीपेक्षा अंगाने मोठी होती.

"रोज सकाळी हिनेच चहा करतो," दाजी म्हणाले. "एक वाडगा तिच्या फोटोपुढे, एक मला."

"आणि मग धुऊन?"

"खिडकीत ठेवतो."

"सरळ उभी? डोकं वर? दाजी, तुम्ही गिऱ्हाइकांना अर्धा अर्धा तास भाषण देता की ओली रवी अशी..."

"माहीत आहे मला. तिच्यापुढे वाडगा ठेवला की नंतर मला काही सुचत नाही."

 मी केटली चुलीवर ठेवली. नको म्हणाले होते, तरी ठेवली.

खरी भानगड पुढेच होती. येत्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या रविवारी ताकायामाच्या डोंगरावरच्या देवळात रव्यांचा निरोप होता. वर्षभर झिजलेल्या रव्या देशभरातून तिथे येतात, त्यांना हात जोडायचे आणि अग्नीत द्यायच्या. चहा करून करून थकलेल्या जिवाला कचऱ्यात कसं टाकणार? यंदा अग्नीपुढे चहा करायचा मान चिनात्सुला मिळाला होता. चिनात्सु म्हणजे ताईची एकुलती एक लेक. त्या घरात उघडपणे सुरी हातात घेतलेली पहिली बाई. गावात काही नाकं अजून मुरडलेलीच होती. तिने ठरवलं होतं, हा चहा आईच्या रवीने करायचा.

आणि बुधवारी कारागिरांच्या सभेत इसाबुरो बोलला. इसाबुरो दाजींचा शाळासोबती, आता मंडळाचा प्रमुख, आणि जिभेला हाड नसलेला माणूस. तो म्हणाला, "तोकु, सगळ्या गावाच्या मेलेल्या रव्या आगीत जाणार आणि तुझी तेवढी देव्हाऱ्यात बसणार, हा कुठला न्याय?"

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं. पण मला माझे दाजी माहीत होते.

"म्हणालो, मेलेली नाही ती. त्या दिवशी सगळ्यांच्या समोर ती ताठ उभी राहून चहा घुसळेल. नाही जमलं तर माझ्या हाताने आगीत टाकीन."

"सगळ्यांसमोर बोललात?"

"उभं राहून बोललो."

ताकायामात उभं राहून बोललेला शब्द कुणी परत घेत नाही. मी कपात चहा ओतला. मला हुरूप आला, मी खोटं बोलणार नाही. ताई गेल्यापासून तिच्यासाठी काही करायला मिळालं नव्हतं. आता मिळालं होतं आणि हातात नऊ दिवस होते.

मी उठले आणि फळीवरच्या सगळ्या बैठका खाली काढल्या. एकशे वीस होत्या. ताईची रवी कोमट पाण्यात भिजवली आणि एकेक बैठक लावून बघितली. एकाही बैठकीवर ती नीट बसेना. एकीवर सैल, दुसरीवर अर्ध्यात अडकलेली. आपल्या अंगापेक्षा मोठी वस्तू करून ठेवायची आणि कुणाला सांगायचं नाही, ताईचा स्वभावच तो.

"नवीन करावी लागेल," मी म्हणाले.

"मग कर."

"कर म्हणे! दाजी, हा काही भात नाही शिजायला घातला अन् झाला. आज घडवली तर सोमवारपर्यंत वाळेल. मंगळवारी कच्ची भाजणी. बुधवारी झिलई, गुरुवारी मोठी भट्टी. ती निवायला शनिवार उजाडेल. मग रवी भिजवून तिच्यावर बसवायची आणि रात्रभर वाळू द्यायची. एका दिवसाचीही ढील नाही."

"म्हणजे जमतं," दाजी म्हणाले आणि त्यांनी कोट काढून खुंटीला लावला.

मी ओल्या रवीचं माप घेतलं. कोरड्या रवीचं माप घेणारे कुंभार मी पाहिलेत, त्यांच्या बैठकीवर रवी कधीच नीट उतरत नाही. ओली झाली की रवी फुलते. वर आमची माती भट्टीत आटते, त्याचं निराळं गणित. मी तीन मापं ठरवली, किंचित लहान, बरोबर आणि किंचित मोठं, आणि प्रत्येक मापाच्या तीन तीन बैठका घडवल्या. दाजी स्टुलावर बसून बघत होते.

"एवढी जाडजूड कशाला?"

"आगीत गेली की बारीक होईल."

"हं. आणि हे खाली भोक?"

"हवा जायला. नाहीतर आत दमट राहतं आणि बुरशी धरते. पंचवीस वर्षं कुबडी कुबडी म्हणत होतात, एकदा उलटी करून तरी बघायची."

दाजींनी ओली बैठक उचलून उलटी केली आणि तिच्या कडेवर अंगठा उमटवला. मी ओरडले. ती बैठक मी परत घडवली.

शनिवारी ते परत आले. रविवारीही आले. तासभर टेम्पो हाकत यायचं आणि फळीसमोर बसून माती वाळताना बघायची. सोमवारी मी म्हणाले, "दाजी, तुम्ही बघितलंत म्हणून ती लवकर वाळत नाही." तर म्हणाले, "तू बडबडलीस म्हणून तरी कुठे वाळते?" मला बरं वाटलं. ताई गेल्यापासून हा माणूस माझ्याशी भांडलाच नव्हता.

मंगळवारी कच्ची भाजणी नीट उतरली. बुधवारी मी राखेची पातळ झिलई दिली. गुरुवारी पहाटे भट्टी पेटवली आणि चौदा तास तिच्याजवळून हलले नाही. चिनात्सु संध्याकाळी डबा घेऊन आली, भाताचे गोळे आणि खारवलेला मुळा. आम्ही दोघींनी भट्टीच्या कडेला रताळी भाजली. तिच्या बोटांना सुरीच्या कापांवर पट्ट्या होत्या.

"मावशी, नाही जमलं तर बाबा खरंच टाकतील?"

"टाकतील."

"आणि तू टाकू देशील?"

"मी तुझ्या बापाचा हात धरीन, तो मला ढकलेल, आणि गावाला फुकटचा तमाशा मिळेल. खा तू रताळं."

आता माझ्या मूर्खपणाचं सांगते. भट्टी भरताना मी मधल्या मापाच्या तिन्ही बैठका सगळ्यांत पुढे, दाराशी ठेवल्या होत्या. का? तर उघडल्या उघडल्या आधी त्याच हातात याव्यात म्हणून! पस्तीस वर्षं भट्टी लावणाऱ्या बाईने लहान पोरासारखा खाऊ पुढच्या खिशात ठेवला.

शनिवारी सकाळी आठला दाजी आणि चिनात्सु दोघंही हजर झाले. भट्टीच्या तापमापकाचा काटा दोनशे चाळीस अंशांवर होता. मी शंभराच्या वर असताना दार कधी उघडत नाही, नवशिक्यांना त्यावरून झापते. शंभरावर यायला संध्याकाळ झाली असती. संध्याकाळी रवी बसवली तर सकाळपर्यंत ती वाळणार कधी?

"अजून किती?" दाजींनी विचारलं.

"थांबा."

पाच मिनिटांनी, "आता किती?"

"दोनशे अडतीस. भोपळा लावलाय का वेलीला, दर घडीला बघायला?"

"मिसाओ, बोटभर उघड की. नुसतं बघू."

आणि मलाही बघायचं होतं! हातमोजे मी केव्हाचे चढवले होते. आठ दिवस ज्याची वाट बघितली ते त्या दारापलीकडे चार बोटांवर होतं. मी कडी काढली आणि दार बोटभर ओढलं. आतली धग तोंडावर आली. राखाडी, हिरवट छटेची झिलई, कुठे कुठे भाजक्या पावाचा रंग. इतक्या देखण्या बैठका माझ्या भट्टीतून कधी निघाल्या नव्हत्या.

"आहा!" चिनात्सु ओरडली.

तेवढ्यात आतून आवाज आला. टिंग.

मी दार धाडकन लावलं. तरी आलाच. टिंग. आणि थोड्या वेळाने तिसरा, टिंग. कुंभाराच्या घरात हा आवाज म्हणजे तडा. बाहेरचा गार वारा तापल्या मातीला लागला होता. दाराशी होत्या त्या तिघींनाच.

मी हातमोजे काढून खाली बसले. दाजींनी विचारलं, "कसला आवाज होता?" मी त्यांना सांगितलं. मला वाटलं ते माझ्यावर ओरडतील, मग मी म्हणेन की तुम्हीच उघडायला लावलंत, आणि मग मला थोडं बरं वाटेल. पण ते माझ्या शेजारी जमिनीवर येऊन बसले.

"सहा तर उरल्या असतील," चिनात्सु म्हणाली.

मागच्या सहा शाबूत होत्या. आता संध्याकाळची वाट बघण्यात अर्थ नव्हता, दार थोडं थोडं उघडत दोन तासांत आम्ही त्या काढल्या, रवी भिजवून लावून बघितल्या. तीन लहान पडल्या, तीन मोठ्या. गणित बरोबर निघालं होतं, आणि ते बरोबर निघाल्याचा मला इतका संताप कधी आला नव्हता. पुढच्या तिघींपैकी दोघींचे तुकडे झाले होते. तिसरी अख्खी दिसत होती, पण काठापासून बुडापर्यंत केसासारखी चीर गेली होती. मी तिच्यावर रवी टेकवली. ती अशी बसली की जणू त्याच मापावर कोरलेली. आणि लगेच तिच्या भाराने, ओल्या काड्यांच्या दाबाने, चीर उघडली. बैठक दोन्ही बाजूंनी फाकली. सोडली की चीर मिटायची, बसवली की परत फाकायची.

"गोंद?" चिनात्सु म्हणाली.

"ओलसर राहतंय तिथे गोंद धरायचा नाही. लाखेने सांधायची तर पंधरा दिवस हवेत." मी बैठक ओट्यावर ठेवली. "मी घालवलं गं. तुझ्या आईचं एक काम आलं होतं माझ्याकडे आणि मीच दार उघडलं."

चिनात्सु माझा खांदा धरून उभी राहिली. दाजी चीर गेलेली बैठक हातात घेऊन फिरवत होते. दाबायचे, सोडायचे. चीर मिटायची, उघडायची. किती वेळ तेच चाललं होतं. मला राग यायला लागला होता. मग ते म्हणाले, "चिरलेलं आहे, एवढंच ना?"

"एवढंच ना म्हणजे काय? बघताय ना तुम्ही!"

"मिसाओ, एकशे वीस जागी चिरलेला बांबू आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या जागेवर राहतोय. तो काय गोंदावर?" त्यांनी हात पुढे केला. "चिनात्सु, त्या पेटीतलं रीळ दे."

चिनात्सुने लाल रीळ काढलं आणि ती स्वतःच दोरा सोडायला लागली, कारण दोरा बायकांचा. दाजींनी तो तिच्या हातातून घेतला. टोक तोंडाच्या डाव्या कोपऱ्यात दातांनी धरलं. मी दचकले. ताई असंच धरायची. मग त्यांनी बैठकीला कमरेशी पहिला वेढा दिला, दुसरा दिला, तिसऱ्याला दोरा खालून वर काढला आणि प्रत्येक वेढ्याला एक पीळ देत वर सरकत गेले. बोटं जाड, पण एकदाही चुकली नाहीत. शेवटी आडवी फिरवून ओढलेली ती गाठ आली, ती ताईची गाठ, जी ती मला कितीदा शिकवायची आणि मला कधी जमली नाही.

चिनात्सु बघतच राहिली. "बाबा, तुम्हाला दोरा येतो?"

"चाळीस वर्षं समोर बसून बघितलंय. आंधळा होतो का मी?"

"मग आईला कधी सांगितलं नाहीत?"

"काय सांगायचं? तिचं काम होतं ते. तिला वाटलं असतं, मी..." दाजी थांबले. त्यांनी ओट्यावरच्या रवीकडे बघितलं.  "तीही समोरच बसली होती म्हणा," ते म्हणाले.

मी घळाघळा रडले. उगाच लपवत नाही, रडलेच. चाळीस वर्षं दोघं एका चटईवर समोरासमोर बसले, एकमेकांचं काम डोळ्यांनी चोरलं आणि एकमेकांना पत्ता लागू दिला नाही. मग मी नाक पुसलं आणि म्हणाले, "बसवा आता. अकरा वाजलेत."

रवी कोमट पाण्यातून काढली. मी चिकटलेल्या काड्या बांबूच्या सुईने एकेक सोडवल्या, दाजींनी आतलं कडं बोटांनी उघडलं, आणि चिनात्सुने ती बैठकीवर उतरवली. लाल दोरा ताणला गेला. चीर मिटलेलीच राहिली. आम्ही तिघांनी एकदम श्वास सोडला आणि चिनात्सु अंगणात जाऊन दोन्ही हात वर करून ओरडली. शेजारची कुत्री भुंकायला लागली.

ती बैठक रवीसकट मांडीवर घेऊन मी टेम्पोत बसले. दाजींनी एवढा हळू टेम्पो चालवला की मागे गाड्यांची रांग लागली.

रविवारी देवळाचं अंगण गच्च भरलं होतं. मधोमध रव्यांचा ढीग रचलेला, काळ्या पडलेल्या, टक्कल पडलेल्या, शेकड्यांनी. धूर सरळ वर जात होता. मंत्र झाले आणि चिनात्सु बसायला आली. तिने समोर वाडगा ठेवला आणि शेजारी लाल दोरा गुंडाळलेली माझी तडकलेली बैठक. लोकांत कुजबुज झाली. इसाबुरो पुढे येऊन वाकून बघायला लागला.

"मिसाओबाई, हे काय, मातीच्या मडक्याला पट्टा बांधलाय?"

"तुमच्या पोटाला बांधता तसाच," मी म्हणाले. दोन-चार जण हसले.

चिनात्सुने रवी उचलली. मी डोळे मिटणार होते, पण मिटले नाहीत. रवी ताठ होती! काड्या गोल उभ्या, आतलं कडं वेगळं, बाहेरचं वेगळं. एक खालचा भाग अजून जरासा झुकल्यासारखा होता, पण तो फक्त मला आणि दाजींना दिसत होता. इसाबुरो मान डोलावून मागे सरला. दाजींच्या मुठी वळलेल्या होत्या.

चहाची हिरवी पूड, वर पाणी. चिनात्सु घुसळायला लागली. तिचं मनगट आधी घाबरत होतं, मग मोकळं झालं. वाडग्यातून ताईच्या स्वयंपाकघरातला सकाळचा आवाज यायला लागला, सर-सर-सर. फेस चढला. बारीक, दाट, एकसारखा फेस. मला ओरडावंसं वाटत होतं. मी दाजींचा कोपर धरला होता, कधी धरला ते कळलंच नाही.

टिक.

अगदी बारीक आवाज. चिनात्सुचा हात थांबला. फेसावर एक काडी तरंगत होती.

लोक माना उंच करून बघायला लागले. झिजलेली म्हणजे काय हे त्या गावात कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. एक काडी तुटली की गिऱ्हाइकाला आपण होऊन सांगणारी माणसं ती. दाजींचा चेहरा राखेसारखा झाला. ते पुढे निघाले, हात पुढे करून, आणि मी त्यांचा कोपर सोडला नाही. मी बोलायला तोंड उघडलं. काय बोलणार होते मला माहीत नाही, पण चांगलं नसतं.

पण इसाबुरो आधी पोचला. तो गुडघ्यावर बसला, बोटाच्या टोकाने फेसावरची काडी उचलली आणि उन्हात धरून बघितली. बराच वेळ बघितली. त्याच्या हातून लाखभर काड्या गेल्या असतील.

"कुणी तासली ही?" त्याने विचारलं.

"फुमिएने," दाजी म्हणाले.

"तुझ्यापेक्षा बारीक तासलीय, तोकु."

"माहीत आहे."

इसाबुरो उठला आणि त्याने ती काडी दाजींच्या तळहातावर ठेवली. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "तू म्हणाला होतास, जी उभी राहणार नाही ती स्वतःच्या हाताने टाकीन. ही काडी नाही उभी राहिली. टाक. बाकीच्या उभ्या आहेत, मला दिसतायत."

माझ्या मागे कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळं अंगणच वाजवायला लागलं. चिनात्सु हसत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. तिने वाडगा दोन्ही हातांनी अग्नीपुढे ठेवला, रवी धुतली आणि लाल दोऱ्याच्या बैठकीवर परत उलटी बसवली.

दाजी अग्नीच्या अगदी जवळ गेले. काडी दोन बोटांत धरली. त्यांना वाटलं असेल की ते मनात बोलतायत, पण कानांना जरा कमी ऐकू यायला लागल्यापासून ते मनातलंही मोठ्याने बोलतात. आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

"फुमिए, एकच काडी पाठवतोय. बाकीच्या मला उद्या सकाळी लागणार आहेत."